जुना सर्व्हर, चार तक्रारी आणि ३५ हजार रुपये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. नाशिकच्या इंदिरानगरात फ्लॅट. २०१३-१४ च्या सुमाराला असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, आणि सिस्टिम व डेटा मिळून एकच २ टीबीची हार्ड डिस्क. त्यावर उबंटू, फोटोंसाठी इमिच, टीव्हीसाठी जेलीफिन. तक्रारी चार. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ टीव्हीवर अडकत चालतात. मिसेसच्या फोनमधले फोटो आपोआप चढत नाहीत. लाईट जाऊन आली की मशीन उठत नाही, कीबोर्ड जोडून एफ१ दाबावं लागतं. आणि घराबाहेर पडलं की काहीच दिसत नाही. हाताशी ३५ हजार आहेत. नवा एन१०० मिनी पीसी घेऊ, दोन डिस्कचा तयार नॅस (नेटवर्कवरून फायली देणारा डबा) घेऊ, की सेकंडहँड ऑफिसचं मशीन, असं तुम्ही विचारताय.

या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. नवं मशीन घेऊन त्यातली फार तर एक सुटेल. आणि पाचवी गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलीच नाही, ओघात सांगून गेलात: डिस्क एकच आहे आणि बॅकअपचा कुठे उल्लेख नाही. माझ्या लेखी ३५ हजारांतला पहिला रुपया तिथे जायला हवा.

मी नाशकात सीए ऑफिसं, दवाखाने, फोटो स्टुडिओ अशा ठिकाणी सर्व्हर आणि नेटवर्कची कामं करतो. तिथे एक गोष्ट वारंवार दिसते. माणूस महिनोन्‌महिने छोट्या कटकटी सोसतो, मग एका शनिवारी वैतागून मशीन, सिस्टिम, राउटर सगळं एकदम बदलून टाकतो. सोमवारी निम्म्या तक्रारी जशाच्या तशा असतात आणि वर दोन नव्या आलेल्या असतात. कशामुळे काय झालं हे मग कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तुमच्या तक्रारी एकेक करून घेऊ.

सगळ्यात सोपी आधी. एफ१ दाबावं लागतं याचा अर्थ बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा बटणसेल संपलाय. सीआर२०३२ नावाचा सेल, घड्याळवाल्याकडेही मिळतो. दहा-बारा वर्षांच्या बोर्डावर तो संपलेला असणारच. वीज पूर्ण गेली की बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ, सेटिंग्ज पुसल्या जातात, घड्याळ मागे जातं आणि मशीन तुमच्या होकाराची वाट बघत थांबतं. लाईट नसताना यूपीएस चालू असेल तर हे लक्षातही येत नाही, म्हणून लोकांना वाटतं की ‘कधीकधीच होतं’. सेल बदला, बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा आणि वीज परत आल्यावर काय करायचं ती सेटिंग ‘पॉवर ऑन’ करा. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशाच नावाची असते. कीबोर्ड नसला तर थांबू नकोस, अशीही एक सेटिंग तिथेच जवळपास सापडेल.

चुकलेल्या घड्याळाचा आणखी एक त्रास असतो, तो पटकन ओळखू येत नाही. तारीख वर्षानुवर्षं मागे गेली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि ॲप नुसतं ‘कनेक्ट होत नाही’ म्हणतं. नेट आल्यावर उबंटू वेळ स्वतः दुरुस्त करून घेतं, पण लाईट आल्यावर राउटरला उठायला दोन-चार मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात सुरू झालेल्या गोष्टी बिघडलेल्या अवस्थेत राहू शकतात.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक छोटा स्विच बघा. यूपीएस आणि इको, किंवा यूपीएस आणि नॉर्मल, असे दोन पर्याय असतात. इकोवर असताना लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो, पंखा मात्र फिरत राहतो. यूपीएसवर ठेवला तर बदल लवकर होतो आणि मशीन टिकतं. पण मग व्होल्टेज थोडं खाली आलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, म्हणून तुमच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं त्यावर हे ठरेल. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते हे खर्चात धरा. राउटर आणि फायबरचा डबा यांना १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस वेगळा लावा.

आता मिसेसच्या फोनचे फोटो. यात तुमच्या सर्व्हरचा दोष असलाच तर थोडा. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप मारून टाकतात, आणि काही कंपन्या यात फारच उत्साही आहेत. सेटिंगमध्ये जाऊन इमिचला बॅटरीचं बंधन नको असं सांगा, ‘ऑटोस्टार्ट’ नावाचा पर्याय असेल तर तो चालू करा, आणि ॲपमध्ये बॅकअपसाठी कॅमेऱ्याचा अल्बम खरोखर निवडलेला आहे का ते पाहा. व्हॉट्सॲपचे फोटो वेगळ्या अल्बममध्ये असतात, तो निवडला नसेल तर ‘निम्मेच फोटो चढतात’ असं वाटतं. आयफोन असेल तर मागे राहून किती वेळ काम करायचं हे शेवटी फोनच ठरवतो. रात्री चार्जिंगला लावताना ॲप एकदा उघडायची सवय लावणं हाच खात्रीचा उपाय. फोनची सिस्टिम अपडेट झाल्यावर या सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात, तेव्हा अपडेटनंतर एकदा नजर टाका. ५० हजारांचा सर्व्हर आणलात तरी हे बदलणार नाही.

सर्व्हरचा जो थोडा दोष आहे तो रॅमचा. इमिच चेहरे ओळखतो, फोटोंचा मजकुरावरून शोध करतो, आणि त्यासाठी डेटाबेसच्या जोडीला एक वेगळा मशीन लर्निंगचा भाग चालवतो. ४ जीबीत हे आणि जेलीफिन एकत्र बसत नाहीत. मग सिस्टिम रॅममध्ये न मावणारं डिस्कवर ठेवायला, म्हणजे स्वॅप करायला लागते, आणि तुमच्याकडे तीच डिस्क डेटाचीही आहे. सगळंच रांगेत उभं राहतं. यावर स्वस्त उतारा आहे: जुनी डीडीआर३ रॅम ८ जीबीची. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडे अशा पट्ट्या खणात पडून असतात. नवं मशीन घ्यायचं नाही असं ठरलं तर ही पट्टी आणि सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी एवढ्यावर तुमचा डबा बराच तरतरीत होईल.

घराबाहेरून न दिसण्याचं कारण जवळजवळ नक्की तुमच्या इंटरनेट जोडणीत आहे. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा त्याचा पहिला आकडा नुसता १० असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. आयपीव्ही४ चे पत्ते जगातच संपत आल्यामुळे हे करावं लागतं, आणि १००.६४ चा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलंत तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. गल्लीतला केबलवाला महिन्याला जास्तीचे पैसे घेऊन स्टॅटिक आयपी देईलही, पण मी घरासाठी तो घ्या म्हणणार नाही. सार्वजनिक पत्त्यावर उघडा ठेवलेला घरचा सर्व्हर म्हणजे प्रत्येक सुरक्षा अपडेट वेळेवर करायची जबाबदारी आली. टेलस्केल टाका. तुमची उपकरणं एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं हे ॲप वायरगार्डवर (सुरक्षित खाजगी जोडणीची एक पद्धत) चालतं, घरापुरतं फुकट मिळतं, सीजीनॅटमधूनही, म्हणजे वर सांगितलेल्या वाटून दिलेल्या पत्त्यामागूनही, वाट काढतं आणि अँड्रॉइड टीव्हीवरही बसतं. सर्व्हरवर, दोन्ही फोनवर टाकलंत की काम झालं. एक गंमत लक्षात ठेवा: टेलस्केल स्वतःसुद्धा १०० ने सुरू होणारे त्याच पट्ट्यातले पत्ते देतं, तेव्हा राउटरवरचा पत्ता आणि टेलस्केलचा पत्ता यांत गल्लत करू नका.

सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी जागोजागी रस्ते उकरलेले आहेत. फायबर तुटली तर यातलं काहीच चालणार नाही, आणि घरातल्या घरात मात्र सगळं चालायला हवं. म्हणून टीव्हीवर जेलीफिनचा पत्ता घरच्या नेटवर्कचाच द्या, टेलस्केलचा देऊ नका.

राहिले टीव्हीवर अडकणारे व्हिडिओ. मशीन बदलायचं की नाही याचा निकाल इथे लागतो, म्हणून जरा सविस्तर.

आजचे बरेच फोन व्हिडिओ एचईव्हीसी या पद्धतीने साठवतात. आयफोन २०१७ पासून तसं करतात, अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगवर अवलंबून असतं. फाइल लहान होते, पण ती उलगडायला जास्त मेहनत लागते. टीव्हीला ती थेट कळली तर सर्व्हरला काहीच काम नाही, फाइल उचलून द्यायची. याला जेलीफिन ‘डायरेक्ट प्ले’ म्हणतो. टीव्हीला किंवा टीव्हीवरच्या ॲपला कळली नाही तर सर्व्हर ती उलगडून पुन्हा दुसऱ्या पद्धतीत बांधतो, म्हणजे ट्रान्सकोडिंग. तुमच्या चौथ्या पिढीच्या आय३ मधल्या ग्राफिक्सला जुनी एच२६४ हाताळता येते, एचईव्हीसीसाठी त्याच्यात वेगळं सर्किट नाही. मग दोन कोअरच्या प्रोसेसरवर ४के व्हिडिओचा सगळा भार येतो आणि तो अडखळतो.

पण हेच कारण आहे हे गृहीत धरू नका, तपासा. अडकणारा एक व्हिडिओ पेनड्राइव्हवर घाला आणि टीव्हीला थेट लावा. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ वर चालणार नाही, एक्सफॅटवर फॉरमॅट करा आणि तुमचा टीव्ही ते वाचतो का तेही बघा. पेनड्राइव्हवरून लोण्यासारखा चालला, तर टीव्हीच्या डोळ्यांत दोष नाही, अडचण ॲपच्या सेटिंगमध्ये किंवा वायफायमध्ये आहे. मग जेलीफिनच्या डॅशबोर्डवर तोच व्हिडिओ चालू असताना बघा. ट्रान्सकोडिंग चाललं असेल तर कारणही तिथेच लिहिलेलं असतं. ॲपमध्ये दर्जाची मर्यादा कमी ठेवलेली असणं, हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं कारण. सिनेमा असेल तर सबटायटल चित्रातच उमटवून द्यावी लागणं किंवा टीव्हीला डीटीएस आवाज न कळणं, हीही नेहमीची कारणं.

डायरेक्ट प्ले असूनही अडकत असेल तर वायफाय. फ्लॅटमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारचे सगळे राउटर गर्दी करून असतात. टीव्हीला केबल ओढा. टीव्हीचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं अशी तक्रार तुम्ही वाचली असेल. बऱ्याच टीव्हींबाबत ती खरी आहे, पण तुमच्या कामाला अडत नाही. ॲपलच्याच आकड्यांनुसार एचईव्हीसीत ४के, ६० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ४०० एमबी होतो, म्हणजे सेकंदाला ५३ मेगाबिटच्या आसपास. ३० फ्रेमचा १७० एमबी, म्हणजे २३ मेगाबिट. १०० मध्ये दोन्ही सहज मावतात.

आणि पेनड्राइव्हवरूनही अडकला तर टीव्हीलाच एचईव्हीसी झेपत नाही. तेव्हा दोन वाटा आहेत. एक, टीव्हीला ४केचा चांगला स्ट्रीमिंग डबा किंवा स्टिक लावणं. तसंही टीव्ही कंपन्या दोन-तीन वर्षांनी सॉफ्टवेअरकडे ढुंकून बघत नाहीत, पडदा मात्र दहा वर्षं चालतो. अशा वेळी बाहेरचा डबा बदलत राहणं स्वस्त पडतं. दुसरी वाट, सर्व्हरच असा घेणं की जो एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडेल. गावाला किंवा प्रवासात मोबाइल डेटावर व्हिडिओ बघायचे असतील तर ट्रान्सकोडिंग लागणारच, आणि तिथे ही दुसरी वाट कामाची.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठलं मशीन. तयार नॅसबद्दल थोडक्यात सांगतो. डिस्क सांभाळायचं काम ते उत्तम करतात, आणि ज्याला लिनक्सला हात लावायचा नाही त्याला मी तेच घ्यायला सांगतो. तुम्ही आधीच उबंटूवर सगळं चालवताय. त्याच पैशांत नॅसमध्ये प्रोसेसर कमी मिळतो, आणि कंपनीने उद्या धोरण बदललं तर काही करता येत नाही. सिनॉलॉजीने २०२५ च्या काही मॉडेलांत आधी फक्त स्वतःच्या यादीतल्या डिस्कची सक्ती केली, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ती मागे घेतली. त्याआधी २०२४ मध्ये सिस्टिमच्या एका अपडेटमध्ये व्हिडिओ स्टेशनच काढून टाकलं. विकत घेतलेल्या वस्तूतून सोय काढून घेतली जाणं मला पटत नाही.

एन१०० मिनी पीसी चांगला आहे. २०२३ चा प्रोसेसर, वीज अगदी कमी, एचईव्हीसी काय, त्याहून नवी एव्ही१ पद्धतसुद्धा उलगडतो. तुमचा सगळा डेटा एखाद्या एसएसडीत मावत असता तर मी दुसरं नाव घेतलं नसतं. अडचण येते ती साडेतीन इंची डिस्कची. त्या आत बसत नाहीत, मग लोक यूएसबीने बाहेर लटकवतात. बॅकअपसाठी यूएसबी डिस्क ठीक. चोवीस तास चालणारी मुख्य डिस्क यूएसबीवर असली की केसमधल्या चिपचं झोपेत जाणं, वायरला धक्का, अडॅप्टरची पिन सैल होणं, हे प्रकार ऑफिसांत मला इतके दिसतात की मी ते टाळतोच.

माझी पसंती सेकंडहँड ऑफिस मशीनला, आणि त्यातही नेमक्या एका पिढीला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे सातव्या पिढीची, तशी धडधाकट असलेली मशिन्स ऑफिसांतून बाहेर पडतायत आणि विंडोजवाला गिऱ्हाईक त्यांना हात लावत नाही. योगायोग असा की १० बिट (म्हणजे जास्त रंगछटांचा) एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलने सातव्या पिढीपासूनच दिली. सहावीत फक्त ८ बिटची आहे. म्हणजे विंडोजने नाकारलेली सातवी पिढी तुमच्या कामाला पुरेपूर आहे. आय५-७५०० किंवा त्याच्या आसपासचं मॉडेल बघा. आठवी-नववी पिढी भावात थोडीच वर असेल तर तीही घ्या, फक्त नववीपासून पुढे ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे तो नको, त्यात ग्राफिक्स नसतं.

आणखी एक कारण रॅमचं. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे भाव चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ज्या मशीनमध्ये १६ जीबी आधीच बसलेली आहे ते घेणं आणि रॅम वेगळी न घेणं यात शहाणपण आहे.

घेताना टॉवर घ्या. चपट्या मॉडेलमध्ये साडेतीन इंची डिस्क जेमतेम एक बसते. बायोसला पासवर्ड नाही ना हे दुकानातच बघा, ऑफिसांची मशिन्स कधीकधी लॉक होऊनच येतात. वीज परत आल्यावर सुरू होण्याची सेटिंग आहे का तेही तिथेच उघडून बघा. पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा असतो, गेला तर बाजारातला साधा बसत नाही. तेव्हा ज्या मॉडेलची दुकानात चार-पाच मशिन्स रांगेत पडलीत तेच निवडा, उद्या सुटा भाग मिळेल.

विजेचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, पण मिनी पीसीचा आग्रह लोक त्यावरूनच धरतात. १ वॉट वर्षभर चालला की ८.७६ युनिट होतात. तुमच्यासारखा जुना डेस्कटॉप रिकामा बसून ४५ वॉटच्या आसपास ओढतो, सातव्या-आठव्या पिढीचं ऑफिस मशीन २० च्या, एन१०० दहाच्या. अनुक्रमे वर्षाला ३९४, १७५ आणि ८८ युनिट. महावितरणचे टप्पे चढते असतात आणि सर्व्हरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर पडतात, तेव्हा सरासरी दर धरू नका, तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा सगळे आकार मिळून जो दर पडतो तो धरा. उदाहरणापुरते १२ रुपये धरले तर जुन्यावरून ऑफिस मशीनवर गेल्याने वर्षाला २,६०० रुपये वाचतात. तिथून एन१०० वर गेल्याने आणखी हजारभर. पहिला फरक घेण्यासारखा आहे. दुसऱ्यासाठी डिस्का बाहेर लटकवाव्या एवढा तो मोठा नाही.

आता डिस्क, म्हणजे जिथे खरे पैसे घालायचेत. आज रात्रीच स्मार्टमॉनटूल्स टाकून सध्याच्या डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे तिच्या तब्येतीचा तक्ता बघा. ५, १९७ आणि १९८ या तीन ओळींसमोरचा मूळ आकडा शून्य हवा. १९७ मध्ये काही दिसलं तर बाकीचं वाचन सोडा आणि आधी फोटो दुसरीकडे उतरवा. १९९ वाढत असेल तर घाबरू नका, ती बहुतेक डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलची तक्रार असते. ९ व्या ओळीत चाललेले तास असतात. वर्षाचे ८,७६० होतात, भागून बघा.

नवी डिस्क नॅससाठीची, सीएमआर पद्धतीची घ्या. एसएमआर डिस्कवर माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लिखाण आलं की ती फार मंदावते. डब्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं, कंपनीच्या मॉडेलच्या तक्त्यात बघावं लागतं. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झाल्यावर बराच गदारोळ झाला होता. आज त्यांची सीएमआर मालिका रेड प्लस नावाने येते. सीगेटची आयर्नवुल्फही सीएमआरच. पैसे देण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा, मग सील फोडा. बाजारात वापरलेल्या डिस्क तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या जातात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या डिस्कांबाबत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर उघड झाला. सीगेटमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, तिच्यातले तास आणि स्मार्टमधले तास जुळले पाहिजेत.

दोन डिस्क घेणं जमत असेल तर त्यांचं ‘रेड’ (RAID, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणं; वरच्या रेड मालिकेशी याचा संबंध नाही) करू नका. एक आत, एक बॅकअपला. रेडने डिस्क गेल्यावर काम थांबत नाही एवढंच. चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकाच क्षणी पुसला जातो. तुमच्या घरी सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तर कुणाचं अडणार नाही. आणि इमिचच्या आतच रोज बॅकअप होतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो रात्री दोन वाजता फक्त डेटाबेसची प्रत काढतो, तीही त्याच डिस्कवर, फोटोंची नाही.

एक प्रत घराबाहेर हवीच. सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूला ज्यांची ऑफिसं आहेत त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. गोदेला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी लागलं हे विचारत ते आधी तळमजल्यावरचं मशीन वर चढवतात. इंदिरानगरात पुराची भीती नसेल, पण चोरी, आग आणि शॉर्टसर्किट सगळीकडे आहे.

तेव्हा खर्चाचा क्रम असा: आज सेल आणि फोनच्या सेटिंग्ज, या आठवड्यात टेलस्केल आणि पेनड्राइव्हची चाचणी, मग नवी डिस्क आणि बॅकअप, आणि उरलेल्या पैशांत १६ जीबीचं सेकंडहँड मशीन. चाचणीत टीव्हीची किंवा वायफायचीच चूक निघाली आणि बाहेरून व्हिडिओ बघायचे नसतील, तर मशीन सहा महिने पुढे ढकललंत तरी बिघडत नाही.

मशीन घेतलंत तर डेटा कसा हलवायचा, यावर थोडं बोलतो, कारण लोक इथेच घसरतात. जुन्या मशीनमधली डिस्क काढून नव्यात लावू नका. नव्यात छोटी एसएसडी सिस्टिमसाठी, नवी डिस्क डेटासाठी, उबंटू २४.०४ नव्याने. मग नेटवर्कवरून आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने फोटो आणा. इमिचची आवृत्ती दोन्हीकडे सारखीच ठेवा, डेटाबेसची प्रत जुन्यावरून नव्यात भरा, सगळं दिसतंय याची खात्री करा आणि मगच आवृत्ती वाढवा. तुमचा इमिच जुना असेल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या २.० पर्यंतच्या सूचना वाचूनच पुढे सरका, मधल्या काळात डेटाबेसची मांडणी बदलली आहे. डेटाबेस एसएसडीवर ठेवा, फोटो डिस्कवर. महिनाभर जुनं मशीन बंद करून जसंच्या तसं ठेवा.

एक फसगत अगदी नेमाने होते. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) डिस्क तिच्या यूयूआयडीने, म्हणजे ओळख क्रमांकाने लिहा, एसडीबी वगैरे नावाने लिहू नका, ती नावं बदलतात. आणि एखाद्या दिवशी डिस्क जोडलीच गेली नाही तर डॉकर (इमिच वगैरे ज्याच्या आत चालतं ती सोय) त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर, बिनधास्त लिहायला लागतो. जेलीफिनमध्ये सिनेमे गायब, एसएसडी भरलेली, आणि मालकाला वाटतं डेटा गेला. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर प्लस आय’ (chattr +i) या आज्ञेने कुलूप लावून ठेवा. मग लिहायचा प्रयत्न सरळ फसेल आणि चूक लगेच दिसेल.

ठेवायची जागा: माळ्यावर नको. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली काय तापतं ते तुम्हाला ठाऊक आहे. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातही नको. डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत राहील अशी मोकळी जागा बघा आणि रस्त्यांच्या कामांची धूळ बसतेय तोवर दर दोन-तीन महिन्यांनी जाळी पुसा.

महिना सुरळीत गेला की जुन्या डेस्कटॉपला घराबाहेरच्या प्रतीचं काम द्या. त्यातली जुनी डिस्क तपासणीत स्वच्छ निघाली असेल तरच, नाहीतर दुसरी घाला. नाशिकरोडला किंवा सातपूरला भाऊ-बहीण कुणी असेल तर त्यांच्याकडे ठेवा, टेलस्केल टाका, आणि बायोसमधून रात्री ठरल्या वेळी आपोआप चालू होईल आणि पहाटे उबंटूतूनच बंद होईल असं लावा. चोवीस तास चालणार नाही, त्यामुळे त्यांच्या बिलावर फरक पडत नाही. रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने कुलूपबंद प्रत पाठवा, म्हणजे ते मशीन कुणी उघडलं तरी फोटो दिसणार नाहीत. पासवर्ड कागदावर लिहून मिसेसना माहीत असेल अशा ठिकाणी ठेवा. पहिली प्रत मात्र मशीन तुमच्या घरी असतानाच, केबलने काढून घ्या. ६०० जीबी ५० एमबीपीएसच्या अपलोडने पाठवायला सलग २७ तास लागतात, घरच्या गिगाबिट केबलवर तेच काम दोनेक तासांत उरकतं.